मित्रभेद आणि मित्रलाभ : एका चित्रपुस्तकाच्या निमित्ताने

मुलांना शहाणे करण्यासाठी म्हणून रचलेला आपल्याकडील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ पंचतंत्र, आणि त्याचे पहिले तंत्र ‘मित्रभेद’. अमरशक्ती राजाच्या तीन मंदबुद्धी पुत्रांना विष्णुशर्मा जो पहिला पाठ देतो, तो मैत्री कशी जुळते याचा नाही. जुळलेली मैत्री कशी मोडली जाते याचा आहे. पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांचा स्नेह जमतो. सिंहाचे इतर सेवकांकडे दुर्लक्ष होऊ लागते. तेव्हा अधिकारावरून दूर झालेला दमनक नावाचा कोल्हा दोघांच्याही कानांत परस्परांविषयी विष ओततो आणि अखेर सिंहाकडून बैलाचा जीव घेववतो. करटक त्याला बोल लावतो, पण आवरू शकत नाही. प्रौढ वयात ही कथा पुन्हा वाचताना आपण अरण्यात आहोत असे वाटतच नाही. नोकरीत आयुष्य काढलेल्या कोणाही माणसाला दमनक भेटलेला असतो. त्याचे बसण्याचे टेबलही आठवते.

पुढे नारायणपंडिताने हितोपदेशात हा क्रम उलटा केला आणि ‘मित्रलाभ’ पहिला घेतला. पण तेथेही मैत्रीची गाठ पडते ती संकटापोटी. जाळे, पारधी आणि पलायन यांच्याशिवाय उंदीर, कावळा, कासव व हरिण यांचा स्नेह आपल्याला दिसत नाही. मित्र जोडावा, कारण तो अडचणीत उपयोगी पडतो, हा त्या नीतीचा गाभा आहे. तो खोटा आहे असे कोण म्हणेल? परंतु जेथे माणसाच्या आयुष्याचा मोठा भाग सरतो, त्या रोजच्या कामाच्या जागी, संकट नसताना, लाभाचा हिशेब नसताना, दोन जीवांमध्ये काही माया उपजते की नाही, आणि उपजत असल्यास तिचे स्वरूप काय, या प्रश्नाला आपल्या जुन्या बालकथेने फारसा हात घातलेला नाही.

या प्रश्नाचे एक अतिशय साधे आणि म्हणूनच विचार करायला लावणारे उत्तर मला एका अमेरिकन चित्रपुस्तकात सापडले. ‘अ सिक डे फॉर एमस मगी’ हे त्याचे नाव. एमस मगी आजारी पडला त्या दिवसाची ही गोष्ट. फिलिप स्टेड यांनी ती लिहिली आणि त्यांच्या पत्नी एरिन स्टेड यांनी चितारली. 2010 साली हे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि 2011 साली त्याला कॅल्डेकॉट पदक मिळाले. चित्रकर्तीचे हे पहिलेच पुस्तक होते. मजकूर इतका थोडा की मोठ्याने वाचूनही दहा मिनिटे पुरतात. असल्या पुस्तकावर गंभीरपणे काही लिहावे हे काही वाचकांना विचित्र वाटेल. पण बालवाङ्मयाच्या बाबतीत आपण बहुधा कौतुक करतो किंवा शिफारस करतो, परीक्षण करीत नाही. प्रस्तुत लेख हा तसे परीक्षण करण्याचा एक प्रयत्न आहे.

प्रथम कथा सांगतो. एमस मगी हा प्राणिसंग्रहालयात काम करणारा वृद्ध रक्षक. तो पहाटे उठतो, इस्त्रीचा गणवेश चढवतो, घड्याळाला किल्ली देतो, पाण्याचे आधण ठेवतो, आणि पेजेत किती साखर घालायची व चहात किती, हे साखरेच्या भांड्याशीच बोलून ठरवतो. मग पाच क्रमांकाच्या बसने कामावर जातो. तेथे त्याला पुष्कळ कामे असतात. तरीही तो आपल्या मित्रांसाठी न चुकता वेळ काढतो. हत्तीबरोबर तो बुद्धिबळ खेळतो, आणि हत्ती प्रत्येक खेळीआधी खूप विचार करतो. कासवाबरोबर तो शर्यत लावतो, आणि कासव कधीच हरत नाही. पेंग्विन लाजरा आहे, म्हणून त्याच्याजवळ तो नुसता गप्प बसून राहतो. गेंड्याचे नाक सदा वाहत असते, त्याला तो हातरुमाल देतो. आणि सूर्य मावळला की अंधाराला भिणाऱ्या घुबडाला तो गोष्टी वाचून दाखवतो. एके दिवशी एमसला पडसे येते, थंडी भरते. तो कामावर जात नाही. इकडे सगळे त्याची वाट पाहत राहतात. शेवटी ते आपण होऊन निघतात, त्याच बसने एमसच्या घरी पोचतात आणि दिवसभर त्याच्यापाशी राहतात. एवढीच कथा.

या कथेत संघर्ष नाही, खलपात्र नाही, बोध तर नाहीच. मग ती मनात का राहते? माझ्या मते तिचे पहिले बळ हे की, लेखकाने स्नेहाला कामाच्या दिवसाबाहेर काढलेले नाही. एमसची मैत्री सुटीच्या दिवसाची नाही. गणवेश अंगावर असतानाची आहे. त्याला करावी लागणारी कामे लेखकाने एका उल्लेखात आटोपली आहेत, मोडीत काढलेली नाहीत. कामे आहेत, पुष्कळ आहेत, आणि त्या गर्दीतून हा माणूस वेळ काढतो. ‘वेळ असतो’ आणि ‘वेळ काढतो’ या दोन क्रियापदांत जे अंतर आहे, तेच या पुस्तकाचे नैतिक क्षेत्र आहे असे म्हणता येईल.

दुसरे म्हणजे एमसचा दयाळूपणा हा सर्वांना सारख्या मापाने वाटलेला दयाळूपणा नाही. आपण ज्याला सौजन्य म्हणतो, ते पुष्कळदा एकसारखे असते. सर्वांना एकच नमस्कार, एकच हसू. एमसला मात्र कोणाला काय लागते हे ठाऊक आहे. विचार करणाऱ्याला तो सवड देतो, लाजणाऱ्याला नि:शब्द सोबत देतो, भिणाऱ्याला आवाज देतो. यांतले पेंग्विनचे उदाहरण मला विशेष मार्मिक वाटते. लाजऱ्या सहकाऱ्याला बोलते करणे हा आपल्याकडे परोपकार समजला जातो. मंडळींत ओढून आणण्याचा आग्रह हे प्रेमाचे लक्षण मानले जाते. एमस तसे काहीच करीत नाही. पेंग्विनला पेंग्विन राहू देऊन तो त्याच्याजवळ बसतो. दुसऱ्याला बदलण्याची इच्छा न धरता त्याची सोबत करणे, ही मैत्रीची एक कठीण परीक्षा आहे, आणि चार वर्षांच्या मुलाला ती एका चित्रात कळते.

आता उत्तरार्धाकडे वळू. प्राणी एमसच्या घरी येतात, तेव्हा वरवर पाहता ते घेतलेले परत करतात. येथे एक शंका रास्त आहे. ही केवळ परतफेड नव्हे काय? तू मला रुमाल दिलास, आता मी तुला देतो. मग पंचतंत्राच्या नीतीहून हे वेगळे कसे?

या शंकेचे निरसन करायला आपल्या शेतीतले दोन शब्द उपयोगी पडतात. एक सावड, दुसरा इर्जिक. सावडीत हिशेब असतो. आज माझे बैल तुझ्या शेतात, उद्या तुझे माझ्या. दिवसाला दिवस फिटतो. तो प्रामाणिक व्यवहार आहे आणि त्यावर कित्येक गावे जगली. इर्जिकीची तऱ्हा वेगळी. कोणाचे शेत नांगरायचे राहून गेले, की शेजारी आपापले बैल आणि औते घेऊन येतात, दिवसभर राबतात, मजुरी घेत नाहीत. धनी सर्वांना जेवू घालतो. तेथे कोणाचा किती दिवस लागला हे कोणी लिहून ठेवीत नाही. सावड फिटते, इर्जिक आठवणीत राहते.

एमसचे मित्र येतात ते इर्जिकीसाठी येतात, असे मला वाटते, आणि याला पुस्तकातच पुरावा आहे. त्यांनी हिशेबाने परतफेड केली असती, तर कासवाने शर्यतच लावली असती. पण एमस थकलेला आहे. धावणे त्याला झेपणारे नाही. म्हणून शर्यतीऐवजी लपंडाव होतो, आणि कवचात शिरणाऱ्या कासवाला तो खेळ साहजिकच साधतो. पेंग्विन आजही बोलत नाही; एमसला डुलकी लागते तेव्हा तो त्याच्या पायांना ऊब देत राहतो. नुसते जवळ बसणे आता शुश्रूषा झाली आहे. जागे होताच एमस शिंकतो, तो गेंडा रुमाल घेऊन तयारच असतो. ज्याचे नाक जन्मभर वाहिले त्याला शिंकेची चाहूल इतरांआधी लागणार, हे किती यथार्थ आहे! प्रत्येकाने जे घेतले होते, ते त्याने आजाऱ्याच्या मापाचे करून दिले आहे. स्नेहाचे रूप गरजेप्रमाणे पालटते. हिशेबाचे पालटत नाही.

पण या पुस्तकातील सर्वांत खोल जागा घुबडाची आहे. पूर्वार्धात आपण समजून चालतो की अंधाराची भीती घुबडाला आहे आणि म्हणून एमस त्याला वाचून दाखवतो. रात्री घुबड पुस्तक उघडते, तेव्हा लेखक जाता जाता सांगून जातो की, एमसलाही अंधाराची भीती वाटते आणि घुबडाला ते माहीत आहे. या एका वाक्याने मागची सगळी पाने पुन्हा वाचावी लागतात. रोज सूर्यास्ताला तो वृद्ध माणूस वाचायला बसत असे, तेव्हा तो कोणाला धीर देत होता? घुबडाला की स्वत:ला? की दोघांना एकदम? आणि घुबडाने हे कधी ओळखले? देणाऱ्याच्या देण्यात त्याची स्वत:ची गरज मिसळलेली होती, आणि घेणाऱ्याने ती जाणूनही कधी बोलून दाखवली नव्हती. या उलगड्याने एमसचा दयाळूपणा कमी होत नाही, तो माणसाचा होतो. वरून खाली वाहणाऱ्या दयेत घेणारा नेहमी खालीच राहतो. येथे ती उतरंड एका क्षणात सपाट होते आणि दोन भित्रे जीव एका दिव्याखाली शेजारी शेजारी बसलेले दिसतात. अशा वेळी ‘दया’ हा शब्द सोडून ‘सख्य’ हा शब्द वापरावा लागतो. नवविधा भक्तीत दास्यानंतर सख्य का येते, हेही अशा जागी थोडेसे उमगते.

हे सर्व शब्दांनी जितके सांगितले आहे, तितकेच, किंबहुना अधिक, चित्रांनी सांगितले आहे. एरिन स्टेड यांनी लाकडी ठशांनी रंग छापून त्यावर शिसपेन्सिलीने रेखाटन केले आहे. रंग फिके आहेत, पाने पुष्कळशी पांढरी ठेवली आहेत, आणि हत्तीच्या कातडीवरची सुरकुती न् सुरकुती, एमसच्या लांबट चेहऱ्यावरची प्रत्येक रेघ सावकाश ओढलेली आहे. मुलांची पुस्तके म्हटली की भडक रंग आणि वटारलेले डोळे, हा जो समज बाजाराने रूढ केला आहे, त्याला हे पुस्तक आवाज न चढवता नकार देते. एक लाल फुगा तेवढा डोळ्यांत भरतो. तो पेंग्विनचा. मजकुरात त्याचे काही महत्त्व नाही. पण लहान वाचक पानोपानी तोच शोधीत जातो. माझ्या नातीने पुस्तक हाती घेतले तेव्हा तिनेही प्रथम फुगाच धरला. कथा नंतर धरली.

प्राणी संग्रहालयातून निघून बसने एमसकडे येतात, तो प्रसंग शब्दांनी जवळजवळ सोडूनच दिला आहे; तेथे चित्र बोलते. एवढ्या मोठ्या धाडसाविषयी लेखक गप्प बसतो, कारण त्याला आपल्या जोडीदाराचा भरवसा आहे. चित्रपुस्तकात शब्द आणि चित्र हेही दोन सहकारीच असतात. दोघांनी तेच ते सांगितले तर पुस्तक कंटाळवाणे होते. एकाने दुसऱ्याला मागे सारले तर ते मोडते. एकाने थांबावे आणि दुसऱ्याने तेवढी वाट चालून द्यावी, हीच या कलाप्रकाराची लय. सहकाऱ्यांमधील स्नेहाला हा कलाप्रकार इतका मानवतो, याचे कारण त्याच्या रचनेतच तो स्नेह गृहीत आहे. येथे एक विसंगती मात्र नोंदवावीशी वाटते. कॅल्डेकॉट पदक हे नियमाप्रमाणे चित्रकाराला दिले जाते. दोघांनी मिळून केलेल्या कामाचा मान एकाच्या नावावर जमा होतो. कामाच्या जगाची ही जुनी रीत एमसच्या पुस्तकालाही चुकली नाही.

मानाच्या वाटपाचा हाच प्रश्न दुसऱ्या एका चित्रपुस्तकाने थेट हाती घेतला आहे. पेगी रॅथमन यांचे ‘ऑफिसर बकल अँड ग्लोरिया’ हे ते पुस्तक 1995 साली निघाले आणि 1996 साली तेही कॅल्डेकॉट पदकाचे मानकरी ठरले. बकल हा पोलीस अधिकारी शाळाशाळांतून सुरक्षिततेचे नियम सांगत फिरतो आणि मुले झोपी जातात. मग खात्यात ग्लोरिया नावाची कुत्री येते. बकल व्याख्यान देत असतो आणि त्याच्या पाठीमागे ती प्रत्येक नियमाचे असे काही अभिनय करते की सभागृह हास्याने दणाणून जाते. बकलला वाटते, आपलेच वक्तृत्व फळाला आले. हा भ्रम मजकुरातून कळत नाही, चित्रातून कळतो. शब्द बकलच्या बाजूचे, चित्र ग्लोरियाच्या. एके रात्री दूरचित्रवाणीवर आपलेच व्याख्यान पाहताना त्याला सत्य दिसते आणि तो दुखावतो. पुढे तो जायचे नाकारतो. ग्लोरिया एकटी जाते. आणि तिलाही झोप लागते, श्रोत्यांनाही.

एमसच्या कथेत जी गोष्ट टाळली आहे ती येथे आली आहे, म्हणजे मत्सर. बरोबरीच्या माणसाला अधिक टाळ्या पडल्या की आपल्या मनात जो काळा ढग जमतो, तो मुलांना ठाऊक नसतो असे नाही; वर्गात ती तो रोज अनुभवतात. रॅथमन यांनी बकलला हास्यास्पद केले आहे, पण तुच्छ केलेले नाही. शेवटी एका मुलीचे पत्र येते आणि ग्लोरियाला त्याची उणीव भासली हे त्याला कळते. त्या कळण्याने त्याचा रुसवा जातो. टाळ्यांचा वाटा निश्चित झाल्याने जात नाही. दमनकाला जर कोणी सांगितले असते की तुझी उणीव भासते, तर मित्रभेद घडला असता काय, असा एक वेडा विचार येथे माझ्या मनात आला.

तिसरे पुस्तक अधिक कठोर आहे. मार्टिन वॉडेल यांनी लिहिलेले आणि हेलन ऑक्सनबरी यांनी चितारलेले ‘फार्मर डक’ 1991 साली इंग्लंडात प्रसिद्ध झाले. आळशी शेतकरी दिवसभर बिछान्यात लोळतो आणि एक बदक शेताची आणि घराची सारी कामे करते; मालक खिडकीतून कामाची चौकशी तेवढी करतो. बदक थकते, रडकुंडीला येते. कोंबड्या, गाय व मेंढी यांना ते पाहवत नाही. त्यांचे बदकावर प्रेम आहे. रात्री चांदण्यात त्यांची सभा भरते आणि पहाटे सगळे मिळून मालकाला बिछान्यासकट हलवून हाकलून लावतात. या कथेला काही जण लहानग्यांची क्रांतिकथा म्हणतील, आणि ते चूक नाही. मला मात्र तिच्यातली एक बारीक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. सभा भरते तेव्हा बदक झोपलेले असते. त्याने तक्रार केलेली नाही, मदत मागितलेली नाही. सोबत्यांनी त्याचा थकवा न सांगता ओळखला. आणि मालक गेल्यावर ते नुसते आनंदोत्सव करीत नाहीत; सगळे मिळून कामाला लागतात. अन्यायाचा राग आणि सोबत्याविषयीची माया यांचे मूळ एकच असू शकते, हे वॉडेल दाखवतात. एमसच्या शांत कथेच्या शेजारी ही कथा ठेवणे आवश्यक आहे, नाहीतर कामाच्या जागी सगळे गोड असते तर किती बरे, अशा भाबड्या इच्छेवर आपण येऊन थांबू.

येथे एमसच्या पुस्तकावरील मुख्य आक्षेपाचा विचार करायला हवा. तो आक्षेप मला कोणा विद्वानाने सांगितला नाही, नातीने सांगितला. प्राणी बसमध्ये चढल्याचे चित्र पाहून ती म्हणाली, “आजोबा, यांना बाहेर जाता येतं, मग हे रोज तिथं का राहतात?” प्रश्न सरळ होता आणि मला तत्काळ उत्तर सुचले नाही. प्राणिसंग्रहालय ही बंदिवासाची जागा आहे. रक्षक आणि रक्षित यांना मित्र म्हणताना लेखकाने कुंपणे पुसून टाकली आहेत. ज्याच्या हाती किल्ली आहे त्याची माया आणि जो आत आहे त्याची माया एका तोलाची असू शकेल काय? कामाच्या जागी ‘आपण सगळे एका कुटुंबातले’ असे वरच्याने म्हणावे आणि खालच्याने मान डोलवावी, हा अनुभव ज्यांना आहे त्यांना ही शंका सहज सोडता येणार नाही.

या आक्षेपाला माझे उत्तर अर्धेच आहे. हे खरे की, पुस्तकाला या प्रश्नाशी कर्तव्य नाही, आणि ती त्याची मर्यादा आहे. परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. एमस हा संग्रहालयाचा मालक नाही. तोही पाच क्रमांकाच्या बसने येणारा, इस्त्रीचा का होईना, पण गणवेश घालणारा नोकर आहे. वरिष्ठ या कथेत दिसतच नाहीत. एमस गैरहजर राहतो तेव्हा बदली माणूस येत नाही, कोणी रजेचा अर्ज मागत नाही, कोणी पगार कापत नाही. दिसते ती फक्त वाट पाहणाऱ्यांची उणीव. हत्ती पटावरच्या सोंगट्या लावून ठेवतो, कासव शर्यतीसाठी पाय ताणते, घुबड गोष्टींच्या पुस्तकांच्या चळतीवर बसून राहते. ज्याची उणीव भासते त्याचा शोध घ्यायला ते आपल्या पायांनी निघतात. किल्ली त्या दिवशी निरुपयोगी ठरते. 2021 साली निघालेल्या पुढच्या पुस्तकात एमसची बस चुकते, तो उशिरा आणि थकून येतो, आणि मित्र त्याची कामेच वाटून घेतात. पाहुणचाराचे सख्य तेथे उघड उघड श्रमाचे सख्य झाले आहे. कुंपण अजून आहे. पण त्याच्या आतबाहेरचे श्रम एकमेकांना ओळखू लागले आहेत. नातीला मी एवढेच म्हणालो की, त्यांना तिथं का राहावं लागतं हे मलाही कळत नाही. पण त्या दिवशी ते का निघाले ते मात्र कळतं. तिने पान उलटले.

आपल्याकडे मुलांच्या पुस्तकांत काम करणारी माणसे येतात ती बहुधा ओळीने उभी राहून. हा पोस्टमन, हा लोहार, ही परिचारिका. प्रत्येकाचे काम सांगायचे आणि त्यांचे आभार मानायचे. ही माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, एकमेकांवर रागावत नाहीत, एकाला ताप आला तर दुसरा त्याच्या घरी जात नाही. काम ही आपण उपयोगाची वस्तू म्हणून दाखवतो, नाते म्हणून दाखवीत नाही. वस्तुत: आपल्या परंपरेत याहून मोठे चित्र आहे. जनाबाईच्या जात्यावर तिच्याबरोबर दळायला बसणारा, तिच्या गोवऱ्या वेचू लागणारा विठ्ठल हा देव म्हणून थोर आहेच. पण कथेत तो प्रथम दिसतो तो कामातला सोबती म्हणून. दासीचा हात दुखतो हे त्याला न सांगता कळते आणि तो खुंट्याला हात घालतो. उपदेश करीत नाही. ही कथा मुलांच्या पुस्तकात आपण चमत्कार म्हणून छापतो. ती एका जात्यावरच्या दोन हातांची कथा म्हणून कोणी चितारील तर एमसच्या शेजारी ठेवण्याजोगे मराठी चित्रपुस्तक होईल, असे मला फार वाटते.

बृहन्महाराष्ट्रातल्या आपल्यासारख्या वाचकांना हा विषय परका वाटू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या घराण्यांत कोणीतरी नोकरीसाठी म्हणून या परमुलुखात प्रथम आला. भाषा निराळी, जेवण निराळे, आप्त दूर. अशा वेळी पहिल्या आजारपणात घरी आलेला माणूस बहुधा शेजारच्या टेबलाचा होता. त्याची मातृभाषा आपली नव्हती, आणि त्याने आणलेली खिचडीही आपल्या चवीची नव्हती. आपल्या मुलांनी त्याला काका म्हटले. त्या काकांवर आपण ना कथा लिहिली, ना कविता. निवृत्तीच्या समारंभात चार शब्द बोललो आणि हार घातला.

विष्णुशर्म्याने राजपुत्रांना आधी मित्रभेद शिकवला, कारण त्यांना राज्य करायचे होते. आपल्या मुलांपैकी बहुतेकांना राज्य करायचे नाही. त्यांना कोठेतरी रोज कामाला जायचे आहे. दमनकाची ओळख त्यांना यथाकाल होईलच. त्यासाठी पुस्तकाची गरज नाही. लाजऱ्याजवळ न बोलता कसे बसावे, थकलेल्याशी शर्यत न लावता कसे खेळावे, आणि धीर देणाऱ्यालाही अंधाराची भीती वाटत असेल हे कसे ओळखावे, हे मात्र कोणीतरी वेळेवर वाचून दाखवावे लागते. एमस मगीचे पुस्तक ते दहा मिनिटांत करते. ते मराठीत यावे. निदान ज्यांच्या घरी लहान मूल आहे आणि जवळच्या ग्रंथालयात हे पुस्तक आहे, त्यांनी एका संध्याकाळी ते मांडीवर उघडावे.